उफिझीत एक दिवस: आई आणि बाळाचा माग काढत

फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरी मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा सहलीच्या गटाबरोबर गेले. गाइडच्या हातातली झेंडी जाईल तिकडे जायचे, तिने सांगितले तिकडे मान वळवायची, दीड तासात बाहेर. घरी आल्यावर आठवत होती ती एकटी चित्रकार बोत्तिचेल्लीची व्हीनस देवी, तीसुद्धा लोकांनी उंच धरलेल्या मोबाइलच्या पडद्यांवरची.

दुसऱ्या वेळी मी आणि आई, दोघीच. आई अडुसष्टची, गुडघ्यांनी बेजार. म्हणून मी पाहायच्या चित्रांची संख्या कमी केली आणि वेळ वाढवला. इतक्या सगळ्या दालनांतून एकच सूत्र धरायचे ठरवले: मरिया आणि तिच्या मांडीवरचा बाळ येशू. आई म्हणाली, "म्हणजे यशोदा-कृष्णच की." तिच्या या एका वाक्याने पुढचा सगळा दिवस सोपा झाला. खाली दिलेला क्रम त्या दिवसाचा आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यालाही मी तोच सुचवीन.

निघण्याआधी, घरी बसून

उफिझी सोमवारी बंद असते. १ जानेवारी आणि २५ डिसेंबरलाही बंद. इटलीचा कार्यक्रम आखताना फ्लॉरेन्सचा एकमेव दिवस सोमवारी पडत नाही ना, हे विमानाच्या तिकिटाआधी तपासा. बाकीच्या दिवशी दार सकाळी सव्वाआठला उघडते आणि संध्याकाळी साडेसहाला बंद होते. तिकीटखिडकी त्याच्या तासभर आधी बंद होते.

तिकीट गॅलरीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. इंटरनेटवर शोधले की सर्वांत वर बहुधा दलालांची पाने येतात. दिसायला ती अधिकृत वाटतात आणि किंमत बरीच चढवलेली असते. मूळ तिकीट अलीकडे २५ युरो, आगाऊ वेळ राखून ठेवायचे वर ४ युरो, असा हिशेब आहे. दर बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा पाहा. हे चार युरो वाचवू नका. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आरक्षण नसलेल्यांची रांग तासन्‌तास हलत नाही, आणि फ्लॉरेन्सचे जुलैतले ऊन नागपूरकरालाही घाम फोडते. अठरा वर्षांखालील मुलांना, कोणत्याही देशाची असोत, प्रवेश मोफत आहे. मात्र वयाचा पुरावा म्हणून मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत असते. त्या दिवशी जाऊ नका. पैसे वाचतील, पण माणसांच्या पाठी पाहून परत याल.

वेळ निवडताना सव्वाआठची मिळाली तर तीच घ्या. का, ते पुढे येईलच.

आता तयारीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. तिथे जाऊन फलक वाचत बसण्यापेक्षा घरीच अर्धा तास काढून खुणा शिकून घ्या. आपल्याला मूर्ती ओळखायला कुणी शिकवत नाही. कटेवर हात दिसले की विठ्ठल, हाती पाश-अंकुश दिसला की गणपती, शेजारी वाघ असला की देवी. ख्रिस्ती चित्रांचेही तसेच शास्त्र आहे. निळे वस्त्र पांघरलेली ती मरिया. हातात पांढरी लिलीची फुले घेऊन आलेला पंखवाला तो गब्रीएल दूत, तो मरियेला 'तुला पुत्र होईल' हे सांगायला आलेला असतो. केसाळ कातडे ल्यालेला, हाती वेताचा बारीक क्रूस घेतलेला तो बाप्तिस्मा करणारा योहान. तो येशूचा नातलग, म्हणून पुष्कळदा त्याच्या बरोबरीचा बाळ म्हणूनही दिसतो. किल्ल्या हातात असलेला पेत्र. मोडलेल्या चाकाशेजारी उभी ती संत कॅथरिन. सुगंधी तेलाची कुपी घेतलेली मग्दालेना. एवढी सहा माणसे ओळखू आली की निम्मी गॅलरी तुमच्याशी बोलायला लागते. वसईत, गोव्यात किंवा मुंबईच्या जुन्या चर्चमध्ये एकदा डोळसपणे फिरून आलात तर तयारी आणखी पक्की होईल.

दारापर्यंत

रोमहून वेगवान रेल्वेने दीड तास, मिलानहून सुमारे दोन तास. सांता मारिया नोव्हेला हे मुख्य स्टेशन आणि तिथून उफिझी चालत पंधरा-वीस मिनिटांवर. रस्ता दगडी फरशीचा आहे, चपला नकोत, मऊ तळव्यांचे बूट घाला. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

इमारत इंग्रजी यू अक्षरासारखी आहे, मधे लांबट अंगण, आणि अंगणाच्या खांबांतून वेगवेगळी दारे. एक क्रमांकाचे दार आरक्षण असलेल्यांसाठी, दोनचे तिकीट तिथेच घेणाऱ्यांसाठी. आगाऊ केलेल्या आरक्षणाचे तिकीट हातात घ्यायचे असेल तर तिसरे दार, तेही समोरच्या बाजूला. दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोचा आणि फलक एकदा वाचून मगच रांगेत उभे राहा, कारण चुकीच्या रांगेत अर्धा तास गेलेली माणसे मी दोन्ही वेळा पाहिली.

आत विमानतळासारखी तपासणी होते. मोठी पाठपिशवी आणि छत्री सामानघरात ठेवावी लागते, त्याचे पैसे पडत नाहीत. पाण्याची अर्ध्या लिटरपर्यंतची बाटली चालते. फोटो काढता येतात, फ्लॅश, तिपाई आणि सेल्फी स्टिक मात्र नाही. चालायला त्रास असलेल्यांसाठी लिफ्ट आणि चाकाची खुर्ची मिळते. आईने आधी नको म्हटले. मी तिला सांगितले, पायांची ताकद जिन्यावर घालवायची की चित्रांपुढे उभे राहायला ठेवायची? मग आम्ही लिफ्टने गेलो. गुडघे ठीक असतील तर मात्र ही इमारत बांधणाऱ्या वासारीचा तो रुंद, भव्य जिना चढूनच जा. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही, हे लक्षात ठेवा.

कचेरीचे झाले चित्रघर

उफिझी या शब्दाचा अर्थ 'कचेऱ्या'. फ्लॉरेन्सचा राज्यकर्ता कोझिमो दे मेदिची याने राज्यकारभाराची सगळी खाती एका छपराखाली आणण्यासाठी १५६० मध्ये जॉर्जो वासारीकडून ही इमारत सुरू करून घेतली. त्याचा मुलगा फ्रान्चेस्को याने वरच्या मजल्यावर घराण्याचा कलासंग्रह मांडला.

हा संग्रह आज फ्लॉरेन्समध्ये आहे तो एका बाईमुळे, आणि तिचे नाव गाइड सहसा घाईत गाळतात. आन्ना मारिया लुईझा, मेदिची घराण्यातली शेवटची. भाऊ निपुत्रिक मेला, राज्य दुसऱ्या राजघराण्याकडे जाणार हे ठरले. तेव्हा १७३७ मध्ये तिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला: चित्रे, पुतळे, पुस्तके, रत्ने, यांतले काहीही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचे नाही, ते राज्याच्या शोभेसाठी, लोकांच्या उपयोगासाठी आणि परदेशी पाहुण्यांना आकर्षण म्हणून इथेच राहील. १७६९ मध्ये गॅलरी लोकांसाठी उघडली. आपल्याकडच्या किती संस्थानांच्या जामदारखान्यांचे काय झाले हे आठवले की या बाईच्या दूरदृष्टीपुढे मान लवते.

वर पोचल्यावर पहिले काम

चित्रे दुसऱ्या मजल्यापासून काळाच्या क्रमाने लागतात. तरी सव्वाआठच्या वेळेने आत आला असाल तर क्रम मोडा आणि थेट बोत्तिचेल्लीच्या दालनात जा. ते पहिल्याच लांब मार्गिकेच्या बाजूला आहे. दहानंतर तिथे गट येतात. पहिली पंचवीस-तीस मिनिटे मात्र तिथे शांतता मिळते.

'प्रिमावेरा', म्हणजे वसंत, हे चित्र सुमारे १४८० चे. ते उजवीकडून डावीकडे वाचायचे. उजव्या टोकाला निळसर अंगाचा वारा झाडांतून घुसून एका तरुणीला धरतो, तिच्या तोंडातून फुले बाहेर पडतात, आणि शेजारीच ती फुलांच्या वेषातली वनदेवी फ्लोरा होऊन उभी राहते. मध्यभागी व्हीनस, मग हात गुंफून नाचणाऱ्या तिघी, डावीकडे ढग हटवणारा देवांचा दूत मर्क्युरी. खाली गवतात वाका आणि फुले पाहा. शंभराहून अधिक जातींची फुले त्यात ओळखता येतात, आणि १९८२ मध्ये चित्र साफ केले तेव्हा ती नव्याने उजळली. समोर 'व्हीनसचा जन्म'. प्रिमावेरा लाकडी फळीवर आहे, हे कापडावर. व्हीनसच्या केसांत खऱ्या सोन्याच्या बारीक रेघा आहेत. त्या समोरून दिसत नाहीत, जरा तिरपे उभे राहिलात की चमकतात.

एवढे पाहून परत मागे, सुरुवातीच्या दालनात या. आपले सूत्र तिथे सुरू होते.

आई आणि बाळ

एका मोठ्या दालनात तीन प्रचंड चित्रे आहेत. तिन्हींत सिंहासनावर मरिया, मांडीवर बाळ, भोवती देवदूत. चित्रकार तीन: चिमाबूए, दुच्चो आणि त्यांच्यानंतरचा जोत्तो. दुच्चोचे चित्र १२८५ चे, साडेचार मीटर उंच. तिन्हींना पाठीमागे सोन्याचा वर्ख, आणि रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. इथे दहा मिनिटे या तिघांची तुलना करत उभे राहा. चिमाबूएच्या मरियेच्या कपड्यांवर सोनेरी चुण्यांची जाळी आहे, आत शरीर असल्याचे जाणवत नाही; देवदूत एकावर एक रचल्यासारखे. जोत्तोकडे वळा. त्याच्या मरियेचे गुडघे वस्त्राखालून दिसतात. ती सिंहासनावर खरोखर बसली आहे, तिला वजन आहे. आई त्या चित्रापुढे म्हणाली, "हिची मांडी बाळाने अवघडली असेल." पुढची अडीचशे वर्षे इटलीतले चित्रकार त्या मांडीच्या मागे लागले, असे मला तेव्हा वाटले.

पुढच्या दालनांत सोने हळूहळू मागे हटते. सिमोने मार्तिनीच्या १३३३ च्या चित्रात गब्रीएलचे शब्द सोन्यातच कोरून मरियेच्या कानापर्यंत नेले आहेत, आणि ती अंग चोरून मागे सरते. मग फिलिप्पो लिप्पी येतो, सुमारे १४६०-६५. त्याच्या मरियेमागे सोने नाही, खिडकी आहे, खिडकीबाहेर डोंगर आणि नदी. तिच्या डोक्यावर मोत्यांची बारीक नक्षी आणि विरळ ओढणी. बाळाला उचलून धरणारा पुढचा देवदूत वळून थेट तुमच्याकडे पाहतो, खोडकर हसतो. तो शेजारच्या घरातला द्वाड मुलगा आहे. लिप्पी स्वतः संन्यासी होता, लुक्रेत्सिया बुती नावाच्या जोगिणीच्या प्रेमात पडला, आणि ही मरिया तिच्यावरून काढली असे मानतात. लिप्पीच्याच हाताखाली बोत्तिचेल्ली शिकला. व्हीनसचा चेहरा आठवून पाहा, घराणे कळेल.

पश्चिमेच्या मार्गिकेत, लिओनार्दोच्या दालनानंतर, मायकेलअँजेलो आणि राफाएल एकाच दालनात आहेत. दोघांची चित्रे पाच-सहा पावलांवर, जवळपास एकाच काळातली, दोन्ही फ्लॉरेन्सच्या सधन घरांसाठी केलेली. मायकेलअँजेलोचे गोल चित्र आन्योलो दोनी या व्यापाऱ्यासाठी. मरिया जमिनीवर बसली आहे आणि खांद्यावरून मागे हात करून पती योसेफाकडून बाळ घेते आहे, की त्याला देते आहे? तिचे दंड पैलवानाचे आहेत, रंग झगझगीत. ती संगमरवरातून कोरल्यासारखी वाटते, कारण हा माणूस स्वतःला शिल्पकार समजत असे. चौकटही मूळचीच आहे, तिच्यातून बाहेर डोकावणारी पाच मुंडकी चुकवू नका. राफाएलची मरिया मात्र पुस्तक वाचता वाचता थांबली आहे, पायाशी बाळ योहान येशूला गोल्डफिंच हा छोटा पक्षी दाखवतो आहे. येशू त्याला बोटाने कुरवाळतो. हा पक्षी पुढच्या यातनांची खूण, म्हणून तिची नजर तशी जड. १५४७ मध्ये ज्या घरात हे चित्र होते ते कोसळले आणि फळीचे सतरा तुकडे झाले. ते जोडून, पुन्हा रंगवून, मग आपल्या काळात दहा वर्षे खपून वरचे थर उतरवून २००८ मध्ये ते परत लोकांसमोर आले. जवळून पाहिले तरी सांधा सापडत नाही.

शेवटची मरिया खालच्या मजल्यावर, पार्मिजानिनोची. हंसासारखी मान, लांबच लांब बोटे, मांडीवरून घसरेल असे ताणलेले बाळ. जोत्तोने मिळवलेले वजन याने मुद्दाम सोडून दिले. उजव्या कोपऱ्यात खांब आणि बोटभर माणूस, काम अर्धवट राहिलेले. आईला हे मुळीच आवडले नाही. मला आवडले. आम्ही तिथे बराच वेळ वाद घातला, आणि दिवसभरातले ते सर्वांत छान वीस मिनिटे होते असे तीही म्हणते.

वाटेत आणखी काय

सूत्राबाहेरची चार-पाचच चित्रे निवडा. माझी अशी. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेले उर्बिनोचे राजा-राणी, एकमेकांकडे तोंड केलेले. राजाचा उजवा डोळा झुंजीत गेला होता म्हणून डावी बाजू रंगवली. चित्राला वळसा घाला, मागच्या बाजूलाही रथांची चित्रे आहेत आणि बहुतेक लोक ती न पाहताच जातात. लिओनार्दोच्या दालनात त्याचा गुरू वेरोक्किओ याचे बाप्तिस्म्याचे चित्र आहे, त्यातला डाव्या टोकाचा देवदूत शिष्याने रंगवला. शेजारच्या 'घोषणे'त, म्हणजे गब्रीएल मरियेला पुत्राची वार्ता देतो त्या चित्रात, मरियेचा उजवा हात समोरून लांब वाटतो. चित्राच्या उजव्या बाजूला सरका, तो बरोबर बसतो. हे चित्र बाजूने पाहण्यासाठीच केले असावे असे काही अभ्यासकांचे म्हणणे. ट्रिब्यूना ही अष्टकोनी खोली दारातूनच पाहायची, घुमटाला हजारो शिंपले जडवले आहेत.

दोन मार्गिका जोडणाऱ्या छोट्या बाजूच्या खिडकीतून आर्नो नदी आणि पोंते वेक्किओ पूल दिसतो. पुलाच्या दुकानांवरून जाणारी खिडक्यांची लांब रांग म्हणजे वासारीची गुप्त वाट. राजाला लोकांत न मिसळता कचेरीतून नदीपलीकडच्या वाड्यात जाता यावे म्हणून १५६५ मध्ये ती पाच महिन्यांत बांधली. डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा खुली आहे, पण तिचे आरक्षण वेगळे करावे लागते.

पश्चिम मार्गिकेच्या टोकाला गच्चीवर कॅफे आहे, समोर पालाझ्झो वेक्किओचा मनोरा. कॉफी महागच आहे, तरी बसा. पाय आणि डोळे दोन्ही थकलेले असतात, आणि खालचा मजला अजून बाकी आहे. आम्ही तिथे पाऊण तास बसलो.

खाली तिशियनची उर्बिनोची व्हीनस, कारावाज्जोने ढालीवर रंगवलेली किंचाळणारी मेदूसा, आणि आर्तेमिझिया जेंतिलेस्कीची यूदीथ, सुमारे १६२० ची. शत्रुसेनापतीचा गळा कापणारी ही बाई तोंड फिरवत नाही, बाह्या सरसावून जोर लावते, आणि दासी त्याला दाबून धरते. या विषयावर पुरुषांनी काढलेल्या चित्रांत दासी सहसा कोपऱ्यात पिशवी घेऊन उभी असते. आर्तेमिझियावर तरुणपणी बलात्कार झाला होता, त्याचा खटला १६१२ मध्ये चालला. पुढे १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. घाईत बाहेर पडणाऱ्यांची ही दालने हमखास राहून जातात, कारण ती शेवटी येतात.

बाहेर पडल्यावर

मायकेलअँजेलोचा मूळ डेव्हिड इथे नाही. तो अकादेमिया गॅलरीत आहे, तिचे तिकीट वेगळे. बाहेर चौकात उभी आहे ती प्रतिकृती. दोन्ही गॅलऱ्या एका दिवशी करू नका.

जेवणात शाकाहारी असाल तर 'सेंझा कार्ने' म्हणजे 'मांसाशिवाय' हे दोन शब्द पाठ करा आणि सूपच्या पाण्याबद्दलही विचारा, कारण भाजीच्या सूपला मांसाचा रस्सा वापरलेला असू शकतो. टोमॅटो आणि शिळ्या पावाचे 'पाप्पा अल पोमोदोरो' आपल्या जिभेला रुचते. इथला पाव अळणी असतो, तो तसाच असतो.

फ्लॉरेन्समध्ये दुसरा दिवस असेल तर कोल्हापूरकराने, आणि खरे तर कुणाही मराठी माणसाने, शहराच्या पश्चिमेला कास्चिने उद्यानाच्या पार टोकाला जावे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचे दहन झाले, आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. छत्रीखाली फेटा बांधलेल्या महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. शेजारच्या नव्या पुलाला फ्लॉरेन्सकर 'पोंते अल्ल-इंदियानो', म्हणजे त्या भारतीयाचा पूल, म्हणतात. उद्यान खूप लांब आहे, पायी गेलात तर जाऊन-येऊन अर्धा दिवस जाईल, म्हणून सायकल भाड्याने घ्या. आईने येताना हॉटेलशेजारच्या दुकानातून पांढरी फुले घेतली होती. ती छत्रीच्या पायरीवर ठेवून आम्ही संगमाकडे तोंड करून थोडा वेळ बसलो, मग अंधार पडायच्या आत परत फिरलो.